प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागताना

गोव्यातील महाविद्यालयांत नोव्हेंबर महिना तसा धावपळीचाच. सत्रान्त परीक्षा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि मागेपुढे कुठेतरी दिवाळीची सुट्टी. नेमक्या याच दिवसांत प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲपवर एक विनंती हमखास येऊन पडते : ‘सर, अमेरिकेतल्या विद्यापीठाला अर्ज करतोय. परवापर्यंत शिफारसपत्र मिळेल का?’ सर बहुधा नाही म्हणत नाहीत. संगणकात जपून ठेवलेला जुना मजकूर उघडतात, नाव बदलतात, घाईत एखाद्या ठिकाणी ‘ती’चा ‘तो’ करायचे राहूनही जाते, आणि पत्र रवाना होते. काम झाले, असे विद्यार्थ्याला वाटते. प्रत्यक्षात संपूर्ण अर्जात ज्या एका कागदावर त्याच्याविषयी दुसरे कोणी बोलणार होते, तो कागद जवळजवळ कोराच गेलेला असतो.

गुणपत्रिका सगळ्यांकडे असतात. उद्देशनिवेदन, म्हणजे विद्यार्थी ज्याला ‘एसओपी’ म्हणतात तो निबंध, उमेदवार स्वतःच लिहितो. हा विद्यार्थी अडचणीत सापडल्यावर काय करतो, प्रयोग फसला तर तो सोडून देतो की पुन्हा मांडतो, वर्गात जे शिकवले त्यापलीकडे त्याला काही विचारावेसे वाटते का, हे सांगणारे शिफारसपत्राखेरीज दुसरे साधन निवड समितीच्या हाती नसते. दूरदेशीच्या त्या समितीने आपल्या महाविद्यालयाचे नाव कदाचित कधी ऐकलेलेही नसेल. अशा वेळी फर्मागुडी, मडगाव किंवा साखळीतून जाणाऱ्या विद्यार्थ्याला या पत्राची गरज मोठ्या नावाच्या संस्थेतील विद्यार्थ्यापेक्षा अधिक असते. आणि नेमका तोच ते मागायला सर्वांत उशिरा, सर्वांत संकोचाने जातो.

संकोचाचे एक कारण शब्दातच दडलेले आहे. फारसीतून आलेला ‘शिफारस’ हा शब्द आपल्याकडे काहीसा बदनाम झाला आहे. नोकरीसाठी शिफारस, बदलीसाठी शिफारस, आमदारांची चिठ्ठी : वशिला या अर्थानेच तो कानावर पडतो. त्यामुळे सरळमार्गी विद्यार्थ्याला पत्र मागणे म्हणजे उपकार मागणे वाटते, तर चलाख विद्यार्थी जितक्या मोठ्या माणसाची सही मिळवता येईल तितकी मिळवायला धावतो. दोघांचीही समजूत चुकीची आहे. विद्यापीठाला हवी असते ती साक्ष. आणि साक्षीदाराने प्रसंग स्वतः पाहिलेला असावा लागतो.

मराठी माणसाला परिचित असलेले एक उदाहरण येथे आठवते. मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेस पडला. तो त्यांच्या वर्गातला नव्हता, शाळेतलाही नव्हता. पण केळुसकरांनी त्याचे वाचन पाहिले, त्याला पुस्तके दिली आणि पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी पैशांची अडचण उभी राहिली, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्यांच्या शिक्षणात पत्रांचा वाटा पुढेही राहिला. कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिगमन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांच्याविषयी पत्र धाडले होते. केळुसकर काय किंवा सेलिगमन काय, दोघांच्याही शब्दाला वजन आले ते त्यांनी विद्यार्थ्याला जवळून पाहिले होते म्हणून.

पत्र कोणाकडे मागावे

या प्रश्नाचे उत्तर आता सोपे व्हावे, पण घोळ येथेच होतो. गोवा लहान आहे. कुलगुरूंना ओळखणारा कोणीतरी मामा निघतो, एखाद्या संस्थेचे अध्यक्ष शेजारच्याच वाड्यावर राहतात, मंत्र्यांच्या लेटरहेडवर चार ओळी मिळणेही अशक्य नसते. अशा पत्रांचा परदेशी विद्यापीठात काडीचाही उपयोग होत नाही. उलट या उमेदवाराला शैक्षणिक पत्र कशाला म्हणतात हे कळलेले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. विभागप्रमुखांचेही तसेच. त्यांनी प्रत्यक्ष शिकवले असेल, प्रकल्पाला मार्गदर्शन केले असेल तर त्यांच्यासारखे दुसरे कोणी नाही. पण केवळ पद मोठे म्हणून त्यांच्याकडे गेल्यास ‘हा आमच्या विभागाचा विद्यार्थी होता, त्याची वर्तणूक चांगली होती’ या पलीकडे ते बिचारे काय लिहिणार?

याच्या उलट टोकाला आहेत ते कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण अध्यापक. प्रयोगशाळेत संध्याकाळपर्यंत विद्यार्थ्यांबरोबर थांबणारे, क्षेत्रभेटीला घेऊन जाणारे, प्रकल्पाचा मसुदा तीनदा तपासून देणारे बहुधा तेच असतात. तरी ‘त्यांच्या पत्राला कोण विचारतो’ म्हणून विद्यार्थी त्यांना टाळतात. हे टाळू नये. तीन पत्रे द्यायची असतील तर त्यांतील एक अशा अध्यापकाचे असण्यात काहीही कमीपणा नाही. अडचण येते ती ई-मेलची. अनेक विद्यापीठे शिफारसकर्त्याचा संस्थेचा अधिकृत ई-मेल पत्ता मागतात आणि जीमेलवरून आलेल्या पत्राकडे साशंकतेने पाहतात. कंत्राटी अध्यापकांना असा पत्ता कित्येकदा दिलेलाच नसतो. काही महाविद्यालयांत तो कायम अध्यापकांकडेही असून नसल्यासारखा असतो. अर्ज भरण्याआधी महिनाभर हे विचारून घेतले, तर महाविद्यालयाच्या कार्यालयाकडून पत्ता मिळवता येतो. निवृत्त प्राध्यापकांच्या बाबतीत विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला आधी कळवून त्यांचे म्हणणे विचारावे.

किती पत्रे लागतात, हेही ठिकाणानुसार बदलते. अमेरिकेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सहसा तीन, ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी दोन. जर्मनीतील अनेक सरकारी विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशाला पत्र मागतच नाहीत. मात्र ‘डाड’च्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा तर प्राध्यापकांचे पत्र लागते. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीला तीन लागतात. हे सगळे परदेशापुरतेच आहे, असेही समजू नये. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिच्या अर्जालाही शिक्षकांची शिफारस जोडावी लागते. बीएस्सीच्या विद्यार्थ्याने ती संधी घेतली, तर उन्हाळाअखेर त्याच्याजवळ महाविद्यालयाबाहेरचा आणखी एक साक्षीदार तयार झालेला असतो, हा फायदा वेगळाच.

शिक्षण संपून तीन-चार वर्षे नोकरी झाली असेल, तर एक पत्र कामावरील वरिष्ठांचे चालते, काही अभ्यासक्रमांना तर ते हवेच असते. संशोधनाच्या पदवीसाठी मात्र प्राध्यापकांची पत्रेच जड ठरतात.

मागण्याची रीत

डिसेंबरमधील मुदतीसाठी नोव्हेंबरमध्ये धावणे म्हणजे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर आपला कागद ठेवणे. चतुर्थीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरू लागले की लगेच विषय काढावा. तेव्हा हाती दोन-अडीच महिने असतात. अगदीच उशीर झाला तरी सहा आठवड्यांहून कमी अवधी देणे अन्यायाचे आहे. एका प्राध्यापकांकडे असे आठ-दहा विद्यार्थी येतात, प्रत्येकाची पाच-सहा विद्यापीठे असतात आणि प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज निराळा असतो, हा हिशेब विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही.

शक्य असेल तर पहिली विनंती समोर जाऊन करावी. दारात उभे राहून, पुढच्या तासाला निघालेल्या सरांना गाठून नव्हे. वेळ मागून घेऊन. बोलून झाल्यावर त्याच दिवशी ई-मेल करावा, म्हणजे तारखा आणि नावे लेखी राहतात. मजकूर साधा असावा. इंग्रजीत लिहायचा असला तरी त्याचा आशय साधारण असा :

‘मॅडम, आपण तृतीय वर्षाला पर्यावरणशास्त्र शिकवत होतात आणि माझ्या प्रकल्पाला आपले मार्गदर्शन होते. सागरी विज्ञानातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी पाच विद्यापीठांना अर्ज करणार आहे. पहिली मुदत १ डिसेंबरची आहे. माझ्या कामाविषयी आपल्याला भक्कमपणे लिहिता येईल असे वाटत असेल, तर आपण शिफारसपत्र द्याल का? आपल्याला वेळ नसेल किंवा माझी पुरेशी ओळख नाही असे वाटत असेल, तर तसे निःसंकोच सांगावे; मी दुसऱ्या प्राध्यापकांना विचारीन.’

यातील शेवटची दोन वाक्ये अनेकांना आगाऊपणाची वाटतील. गुरूला नकाराची वाट आपण कोण दाखवणार? पण या पत्रव्यवहारातील सर्वांत महत्त्वाची वाक्ये तीच आहेत. आपल्याकडे शिक्षकांना तोंडावर ‘नाही’ म्हणणे जड जाते. मग ते ‘हो’ म्हणतात आणि कोमट पत्र लिहितात. ‘विद्यार्थी नियमित, नम्र आणि सरासरीपेक्षा बरा आहे’ असे पत्र निवड समितीच्या दृष्टीने नकारासारखेच असते. ‘तुझ्याविषयी मला फारसे लिहिता येणार नाही’ असे कोणी सप्टेंबरमध्येच सांगितले, तर त्याने त्या विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचवले असे समजावे आणि त्यावर रुसू नये.

होकार मिळाल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते विद्यार्थ्याचे आहे. गुणपत्रिका, बायोडेटा, उद्देशनिवेदनाचा कच्चा का होईना मसुदा, विद्यापीठे आणि त्यांच्या मुदती यांचा एकपानी तक्ता, एवढे सारे एकाच फोल्डरमध्ये द्यावे. हे बहुतेकांना ठाऊक असते. बहुतेकजण देत नाहीत ते आठवणींचे टिपण. तीन वर्षांत शेकडो विद्यार्थी समोरून गेलेल्या प्राध्यापकांना एखादीचा चेहरा आठवतो, पण तिने नेमके काय केले होते ते आठवत नाही. ते लक्षात आणून देणे हा स्वस्तुतीचा भाग नाही.

समजा, एका विद्यार्थिनीने मांडवीच्या काठी, चोडणच्या खारफुटीत पाण्याच्या क्षारतेचा अभ्यास केला. टिपणात ‘मी प्रकल्प यशस्वीपणे पूर्ण केला’ असे लिहून काही साधत नाही. पहिल्या महिन्यातील मोजमापे एकमेकांशी जुळत नव्हती. तिने तपासले तेव्हा कळले की काही नमुने भरतीच्या वेळी घेतले होते आणि काही ओहोटीच्या. मग तिने भरती-ओहोटीचे वेळापत्रक समोर ठेवून सारे नमुने पुन्हा घेतले, त्यासाठी चारदा पहाटेची फेरीबोट धरली : हे लिहावे. मॅडमना तो प्रसंग आठवेल, त्या वेळी आपण काय म्हटले होते तेही आठवेल आणि पत्रात जो परिच्छेद उतरेल तो दुसऱ्या कोणाच्याही पत्रात असणार नाही. ‘अत्यंत हुशार, मेहनती, मनमिळाऊ’ ही विशेषणे वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून निसटून जातात. पहाटेची फेरीबोट राहते.

टिपणात उणी बाजूही असावी. एखाद्या विषयात गुण घसरले असतील आणि त्याला घरचे आजारपण किंवा तसेच काही कारण असेल, तर ते प्राध्यापकांच्या लेखणीतून आलेले अधिक पटते. अर्थात ते त्यांना ठाऊक असले पाहिजे आणि खरे असले पाहिजे.

‘तूच लिहून आण’

येथे एका अप्रिय विषयाला हात घालावाच लागतो. ‘मसुदा तूच लिहून आण, मी सही करतो’ ही पद्धत आपल्या महाविद्यालयांत इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे असे ना मागणाऱ्याला वाटते, ना देणाऱ्याला. परदेशी विद्यापीठांच्या दृष्टीने ती सरळसरळ फसवणूक आहे. पत्र शिफारसकर्त्यानेच लिहिले आहे, असे गृहीत धरूनच ते वाचले जाते. व्यवहार म्हणून पाहिले तरी त्यात विद्यार्थ्याचेच नुकसान आहे. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे वाचणाऱ्याला तीन माणसांची वाटत नाहीत. तीच वळणे, तीच आवडती क्रियापदे, आणि वर उद्देशनिवेदनाशीही तेच साम्य. आता मसुदा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घेण्याची सोय झाल्यापासून ही पत्रे आणखी गुळगुळीत झाली आहेत. शिवाय बाविशीतला मुलगा स्वतःविषयी लिहू लागला की एकतर फुगवून लिहितो किंवा लाजून कमी लिहितो. वीस वर्षे शिकवलेला माणूस ‘अलीकडच्या काही तुकड्यांतील पहिल्या दोघा-तिघांत मी हिला धरीन’ असे जे तुलनेचे वाक्य लिहू शकतो, ते विद्यार्थ्याला लिहिताच येणार नाही. आणि समिती नेमके तेच वाक्य शोधत असते.

मग सरांनी मसुदा मागितला तर काय करावे? नाही म्हणणे अवघड आहे, हे मान्य. अशा वेळी वर सांगितलेले टिपणच अधिक सविस्तर करून न्यावे आणि म्हणावे, ‘सर, सगळे मुद्दे आणि तारखा यात आहेत, आपले मत तेवढे आपल्या शब्दांत हवे आहे.’ वस्तुस्थिती विद्यार्थ्याने पुरवावी, मूल्यमापन प्राध्यापकांनी करावे, ही सीमारेषा सांभाळली की बरेचसे प्रश्न सुटतात. काही चांगल्या शिक्षकांना इंग्रजीत लांब पत्र लिहिण्याचा कंटाळा असतो किंवा धास्ती असते. त्यांना हे सांगावे की पत्र अलंकारिक असण्याची गरज नाही. एक ते दीड पान, साधी वाक्ये, दोन खरे प्रसंग एवढे पुरते. आणि एवढे करूनही सहीपुरतेच हात पुढे होत असतील, तर दुसरे दार ठोठवावे.

लांबीविषयी बोलताना एका प्रसिद्ध पत्राचा दाखला नेहमी दिला जातो. १९४८ साली कार्नेगी संस्थेतील प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी जॉन नॅश या विद्यार्थ्यासाठी प्रिन्स्टनला अवघ्या काही ओळींचे पत्र पाठवले. हा मुलगा गणितातील प्रतिभावंत आहे, हे त्याचे सार. नॅश यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. गोष्ट खरी आहे, पण अनुकरणाला निरुपयोगी. डफिन यांचा शब्द प्रिन्स्टनला परिचित होता. आपल्या प्राध्यापकांना पुरावा द्यावा लागतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. आज बहुतेक विद्यापीठांत पत्र विद्यार्थ्याच्या हाती येतच नाही. अर्जात प्राध्यापकांचे नाव आणि ई-मेल भरला की त्यांना आपोआप एक दुवा जातो, आणि पत्र ते स्वतः चढवतात. हा संदेश कित्येकदा स्पॅममध्ये जाऊन पडतो, म्हणून दुवा पाठवल्याच्या दिवशी फोन करून सांगावे. दुवा उघडल्यावर पत्राबरोबर एक तक्ताही भरावा लागतो : हा विद्यार्थी पहिल्या पाच टक्क्यांत बसतो, दहा टक्क्यांत की पंचवीस. आपल्याकडे गुण देताना हात आखडता घेण्याची सवय असते. पत्रात तोंडभर कौतुक आणि तक्त्यात मधल्या चौकटीवर खूण, अशी विसंगती मग दिसते. प्राध्यापकांनी अशी पत्रे फारशी पाठवली नसतील, तर तक्ता असतो हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

अमेरिकी अर्जात एक चौकट विद्यार्थ्यांना बुचकळ्यात टाकते : पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? तेथील १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याने विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे, आणि शिफारसपत्रे त्यात येतात. हा हक्क सोडणे सक्तीचे नाही. तरी तो सोडलेला बरा. कारण आपले पत्र विद्यार्थी वाचणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाची साक्ष अधिक मोकळी मानली जाते. मुदतीबाबत एवढेच की न्यूयॉर्कमधील १५ डिसेंबरची रात्री ११.५९ ची वेळ म्हणजे आपल्याकडची १६ तारखेची सकाळी १०.२९. त्या साडेदहा तासांच्या भरवशावर कोणी राहू नये. मुदतीच्या दहा दिवस आधी एक नम्र आठवण आणि तीन दिवस आधी दुसरी, यात उर्मटपणा नाही. बहुतेक प्राध्यापकांना ती हवीच असते.

आणि ज्याला कोणीच ओळखत नाही त्याचे काय? शंभर-सव्वाशेच्या वर्गात मागच्या बाकावर बसून चांगले गुण मिळवणारे विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात असतात. दुपारी बस गाठून गावी परतायचे, घरच्या दुकानावर किंवा बागायतीत हात लावायचा, म्हणून ते तासांनंतर थांबत नाहीत. हा दोष त्यांचा नव्हे, पण किंमत त्यांनाच मोजावी लागते. दुसऱ्या वर्षाला असलेल्यांसाठी वेळ गेलेली नाही. एक विषय निवडावा, त्या प्राध्यापकांना वर्गाबाहेर एक खरा प्रश्न विचारावा, त्यांनी सुचवलेले वाचून पुन्हा जावे. प्रकल्पाचा विषय ‘सोपा कोणता’ असे विचारून घेऊ नये. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी काही आठवडे काम करण्याची संधी मिळत असेल तर प्रवासाची दगदग सोसूनही ती घ्यावी. शिक्षकांनीही येथे थोडे पुढे यायला हवे. केळुसकरांकडे तो मुलगा पत्र मागायला आला नव्हता, त्यांनीच आधी त्याला हाक मारली होती.

राहता राहिले आभार. पत्र मिळण्याआधी काजूगरांचे पाकीट घेऊन प्राध्यापकांच्या घरी जाणे टाळावे. भावना चांगली असली तरी घेणाऱ्याला ते अवघडल्यासारखे होते. पत्र गेल्यावर दोन ओळींचा ई-मेल पुरेसा आहे. निकाल मात्र आठवणीने कळवावा, प्रवेश मिळाला तरी आणि नाकारला गेला तरी. अनेक प्राध्यापकांची तक्रार एवढीच असते की दहा पत्रे लिहिली, त्यांतील आठजण कुठे पोचले ते फेसबुकवरून कळले. प्रवेश नाकारला गेला असेल तर लाजून गप्प बसण्यात आणखी एक तोटा आहे : पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करताना त्याच प्राध्यापकांकडे जावे लागणार असते, आणि त्यांच्याकडे गेल्या वर्षीचे पत्र तयार असते. मधल्या बारा महिन्यांत केलेल्या कामाचे नवे टिपण तेवढे त्यांच्या हाती द्यायचे.